विटेला तेल

मी भूकंप कधी अनुभवलेला नाही. पण दर वर्षी विज्ञान प्रदर्शनात तो करून मात्र दाखवतो. साधन अगदी साधं. फळीवर चिकटवलेला पॉलिशपेपर, त्यावर वीट, विटेला स्प्रिंग आणि स्प्रिंगला दोरी. दोरी सावकाश ओढत जायची. स्प्रिंग ताणत राहते, वीट ढिम्म हलत नाही आणि मग एकदम उडी मारते. जमिनीखालचे खडकही असेच अडून बसतात आणि एक दिवस घसरतात, हे मी ठासून सांगतो.

त्या वर्षी दोरी ओढायला अकरावीतली एक मुलगी निवडली, कारण ती बोलत नसे. बोलायला मी होतोच. तिचे वडील राइस मिलमध्ये मिस्त्री. "तोंड उघडत नाही, सायन्स काय करन? आर्ट्सले टाकतो," असं त्यांनी मला ऐकवलं होतं. प्रदर्शन पाहून काय ते ठरवणार होते. त्या सकाळी सगळं सामान त्यांनीच आपल्या गाडीवर आणून मांडून दिलं.

परीक्षक आले. मी भाषण ठोकलं आणि "आता बघा!" म्हणालो. तिने दोरी ओढली. वीट गरीब गाईसारखी दोरीमागे निघाली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच.

"सरजी, भूकंप कहाँ है?" परीक्षकांनी विचारलं.

मी फळी चाचपली. बोटं तेलकट झाली.

"सकाळी मांडताना वीट लय करकर करून राहिली होती, सर," मागून वडील म्हणाले. "म्हनून तेल सोडलो."

मिलमध्ये करकरेल त्याला तेल, हा त्यांचा धर्म. मी त्यांच्यावर खेकसणारच होतो, तेवढ्यात मुलगी बोलली.

"आता वीट अडूनच नाही राहिली, तं ताण साचन कसा? थोडी थोडी सरकते, म्हणून उडी मारत नाही. जमिनीतबी जिथं असं सरकत राहत असन, तिथं मोठा भूकंप येत नसन."

हे मी शिकवलेलं नव्हतं. परीक्षक मला विसरून तिलाच प्रश्न विचारू लागले आणि ती उत्तरं देत गेली. खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटला.

परीक्षक गेल्यावर वडील हात पुसत जवळ आले. "पोरगी बोलते जी, सर! तिले काही येत नाही, असंच वाटे मले. राहू द्या सायन्समंदीच."

"बाप असून तुम्हाला माहीत नव्हतं?" मी मास्तरी आवाजात विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. वर्षभर मलाही तेच वाटत होतं, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.