चुकांची तार

"मग? काय शिकलात?"

फिल्म खराब झाली की काका एवढंच विचारायचे. ओरडणं नाही, डोक्याला हात लावणं नाही. चष्मा कपाळावर सरकवायचा, वाया गेलेली शीट खिडकीकडे धरून निरखायची आणि हा प्रश्न. उत्तर पटेपर्यंत चहा मिळायचा नाही.

रत्नागिरीच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. पासपोर्टच्या फोटोसाठी तुम्हीही कधी गेला असाल. पुढच्या खोलीत डिजिटल कॅमेरा आणि प्रिंटर, त्यावर पोट चालायचं. मधल्या खोलीत मात्र तिवईवर मोठा लाकडी कॅमेरा, डोक्यावर काळं कापड घेऊन बघायचा. त्यात पोस्टकार्डाएवढी फिल्मची शीट जायची, एका शीटवर एकच फोटो. मी कॉलेजात केमिस्ट्रीचा लॅब असिस्टंट. एक दिवस काका लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. "हायपो आहे काय वो? बाजारात कोण ठेवत नाय आता." हायपो म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन. ते मी मिळवून दिलं आणि त्या बदल्यात त्यांच्या डार्करूममध्ये शिरलो. तेव्हापासून मी त्यांचा 'कॉलेजवाले'.

डार्करूम म्हणजे मुळात मोरी. नळ डाव्या भिंतीला, म्हणून सगळा कारभार उजवीकडून डावीकडे. उजवीकडे डेव्हलपरचा ट्रे, मध्ये पाणी, नळाशेजारी हायपो. डेव्हलपरमध्ये चेहरा उमटतो आणि हायपो उरलंसुरलं धुऊन टाकतो. शीट आधी हायपोत गेली तर चेहरा उमटायच्या आतच धुतला जातो, मग देव आला तरी उपयोग नाही. लॅबमध्ये सगळं डावीकडून मांडायची माझी वीस वर्षांची सवय. म्हणून ट्रे भरताना मी स्वतःलाच मोठ्याने बजावायचो, "उजवीकडून." काका मिशीत हसायचे.

मोरीत एक तार ताणलेली होती. तिच्यावर खराब झालेल्या निगेटिव्ह चिमट्यांना लटकायच्या आणि प्रत्येकीला चिठ्ठी. 'फिल्म उलटी भरली.' 'झाकण काढायचं राहिलं, राजिवड्याचा खलाशी, बोटीवर गेला.' एकीवर मिरजोळ्याच्या एका कारखानदाराच्या छातीवर कुणाची तरी सासू बसली होती, कारण तीच शीट दोनदा वापरली गेली होती. "चूक फेकायची नाय," काका म्हणायचे. "समोर टांगली की परत येत नाय."

माझी पहिली शीट मी उलटी भरली. काकांचा प्रश्न आला. मी म्हणालो, "शीटच्या कडेची खाच उजव्या हाताला वर हवी."

"ते डब्यावर लिवलंय. तुम्ही काय शिकलात?"

मी ती शीट पुन्हा खिडकीकडे धरून पाहिली. मग म्हणालो, "मला घाई असते."

"हां. आता चहा घ्या."

चहा काकू आणायच्या. गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं कामही त्यांचंच. कॉलर सरळ करायची, हनुवटीला बोट लावून मान वळवायची, "तोंड मिटा, श्वास धरा" म्हणायचं. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांना बसवलं, पण स्वतः त्या खुर्चीत कधी बसल्या नाहीत. काकांनी विषय काढला की म्हणायच्या, "शीट ठेवा गिऱ्हाइकाला. माझं तोंड काय पळून जातंय?"

मग काकूंचं वजन उतरू लागलं. इथल्या डॉक्टरांनी मिरजेला न्यायला सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेलो तर काकू हिरवं लुगडं नेसून खुर्चीत बसल्या होत्या. "आज माझा काढा," त्या काकांना म्हणाल्या. डब्यात एकच शीट होती. नवा डबा मुंबईहून यायला दहा दिवस.

काकांनी मला ट्रे भरायला पाठवलं. मी आत असताना बाहेरून त्यांचा आवाज आला, "श्वास धर." काकूंनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेलं ते आज त्यांना कुणी तरी सांगत होतं. ट्रे भरता भरता माझा कान दाराकडेच होता. त्या दिवशी मी मोठ्याने काही बोललो नाही.

दिवा मालवला. एरवी काका ट्रेवर वाकून वासाने रसायन ओळखायचे, मगच शीट बुडवायचे. त्या दिवशी त्यांचं नाक चोंदलं होतं. सर्दी नव्हती. मी अंधारात मिनिटं मोजली. उजवा ट्रे, पाणी, डावा ट्रे. दिवा लागला.

शीट कोरी होती. नुसती पारदर्शक, तिच्यातून मोरीची फरशी दिसत होती. काकांनी डाव्या ट्रेत बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं. डेव्हलपर बोटाला बुळबुळीत लागतो, हायपो लागत नाही. त्यांनी दोन्ही ट्रेंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"कसा आला वो?" बाहेरून काकूंनी विचारलं.

"छान आलाय," काका म्हणाले. "सुकू दे."

"मिरजेहून आले की बघते."

काकू परत आल्या त्या बंद गाडीतून. तेराव्याला भिंतीवर फोटो होता तो भाचीच्या लग्नात कुणी तरी मोबाइलवर काढलेला, मोठा करून घेतलेला. काकू कुणाला तरी वाढायला वाकलेल्या, चेहरा ठिपक्याठिपक्यांत फाटलेला, कोपऱ्यात परक्या माणसाचा खांदा. अर्धी रत्नागिरी ज्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसली, त्यांच्या घरात हा फोटो. मला तिथे जेवण गेलं नाही.

त्यानंतर काकांनी लाकडी कॅमेऱ्यावर चादर टाकली. मी जायचो. चहा ते स्वतः करायचे आणि लगेच पुढ्यात ठेवायचे. तो चहा मला नको असायचा. महिनाभराने न राहवून मी म्हणालो, "काका, विचारा ना."

"काय?"

"काय शिकलात, ते."

मी उत्तर तयार ठेवलं होतं. काकांनी कपातली साय बोटाने बाजूला केली. "ह्यात शिकण्यासारखं काय नाय वो, कॉलेजवाले," ते म्हणाले. आवाजात राग असता तर मी पाय धरले असते. पण राग नव्हता.

गेल्या थंडीत काका गेले. खेडला दिलेली त्यांची मुलगी सामान आवरायला आली, तिने मला मोरी रिकामी करायला बोलावलं. तार तशीच होती. खलाशी, कारखानदार, सासू, माझी उलटी शीट. अगदी टोकाला, नळाच्या वर, ती कोरी शीट चिमट्याला लटकत होती. मी घाबरतच चिठ्ठी उलटी केली. काकांच्या अक्षरात तीनच शब्द होते, 'बसली छान होती.'

चूक काय, कुणाची, काही लिहिलेलं नव्हतं. ते तरी आपण लिहावं म्हणून मी खिशातलं पेन काढलं. मोरीच्या ओलीने कागद मऊ पडला होता, पेन टेकवलं की फाटत होता. बाहेरून मुलगी विचारत होती, "ह्यातलं काय ठेवायचंय का हो?" शीट हातात घेऊन मी तसाच उभा होतो, आणि तिच्यातून मला माझाच हात दिसत होता.