शेवटच्या बाकावरचा पेला

काळ्या मनुका उकळल्याचा गोड, किंचित तुरट वास आला की रोह्याच्या लहानशा चर्चमधली डीकनबाई, तिथली सेविका, आठवते. येशूच्या स्मरणार्थ मंडळी भाकर खातात नि द्राक्षरस पितात, त्या प्रभुभोजनाचा रस ती पहाटे स्वतः उकळून गाळत असे. तिचे नाव मी कधी विचारले नाही.

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या माझ्या शेजारणीला, मावशींना, सोबत म्हणून मी त्या रविवारी तिथे गेले होते. पूर्वी एकदा मावशींच्या थरथरत्या हातांतून रस सांडला होता. तेव्हापासून त्या पेला नाकारत आल्या होत्या.

डीकनबाई रसाच्या इवल्या पेल्यांचे तबक घेऊन शेवटच्या बाकापाशी आली. बांगड्या किणकिणू नयेत म्हणून तिने त्या रुमालाने बांधल्या होत्या.

मावशींनी मान फिरवली. “पुढं जा गो. परत सांडंल.”

डीकनबाई तबक बाकावर ठेवून गुडघे टेकून बसली. सर्वांनी एकाच वेळी प्यायचे, ही तिथली रीत. समोर उपासना चालवणाऱ्या पाळकांचा पेला ओठांपाशी पोहोचला होता. तिने तळहात उंचावून त्यांना थांबवले.

“सगळी थांबलीत गो!” मावशी कासावीस झाल्या.

“थांबू देत. त्यांना कुठं गाडी पकडायचीय? सांडला तर माझ्या हातात सांडंल.”

मावशींनी पेला उचलला, तशी तिने त्यांच्या हातांखाली ओंजळ धरली, स्पर्श न करता. पेला थरथरला, कलला, ओठांना लागला, रिकामा झाला. ओंजळ कोरडीच राहिली. मग पाळक प्यायले, मग सारी मंडळी.

सेवा म्हणजे वाकणे, असे मी समजत असे. त्या सकाळी ती गुडघ्यांवर होती आणि अख्खे चर्च तिच्या शब्दाबाहेर नव्हते.

मावशींचे ओठ रसाने जांभळे झाले होते. माझा दंड घट्ट धरून त्या म्हणाल्या, “प्यायले!”