बोटीच्या दिवशीची प्रॅक्टिस

सरांचा विषय निघाला की मेसमध्ये चहाचं दुसरं आधण ठेवावं लागे. सर कॅम्प सोडून दोह्याला गेल्याला काही वर्षं झाली होती, तरी त्यांच्यावरचा वाद मिटला नव्हता.

कतारमधल्या दुखानच्या तेलकॅम्पात रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले आम्ही पुष्कळ जण होतो. कोणी कारकून, कोणी फिटर, कोणी ड्रायव्हर. सर १९५०च्या दशकाच्या अखेरीस टाइमकीपर म्हणून आले. त्याआधी ते मुंबईत एका कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कोच होते. कॉलेज का सोडलं हे त्यांना कोणी विचारलं नाही. आखातात आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो. पहिल्याच शुक्रवारी ते मैदानाच्या कडेला उभे राहिले, सामना शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "माणसं अकरा आहेत. संघ कुठे आहे?"

बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. आमच्यात चेंडू मिळालेला माणूस आधी आपल्या गावचा खेळाडू शोधी. खाडीच्या अलीकडचा पलीकडच्याला पास देत नसे, मग पलीकडचा गोलसमोर मोकळा उभा का असेना. सरांनी एक नियम काढला. महिनाभर प्रॅक्टिसमध्ये आपल्या गावच्या माणसाला पास द्यायचाच नाही. नियम लागू पडला, पण महिना संपल्यावर तो उठवल्याचं सांगायला सर विसरले. पुढच्या सामन्यात आमच्या राइट विंगनं समोर मोकळा उभा असलेला आपला चुलतभाऊ सोडून चेंडू मागे हाफवेपर्यंत पाठवला. चुलतभाऊ ओरडला, "अरे, मी हाय इथं!" विंगनं जागेवरूनच उत्तर दिलं, "दिसतंस रे, पण सरांनी नको सांगितलान!"

मैदान रेतीचं होतं. त्यावर कच्चं तेल शिंपडून रोलर फिरवला की जमीन घट्ट होई. सामना संपला की सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत काळे. आधी रॉकेलनं, मग साबणानं धुवावे लागत, तेव्हा कुठे मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजाला उभं राहता येई. या मैदानावर सरांनी जमिनीलगत पास द्यायला शिकवलं. हवेत मारलेला चेंडू वारा समुद्रात नेतो, असं ते म्हणत. दोन वर्षांत संघ आंतर-कॅम्प चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. इथवरच्या हिशेबावर कोणाचं दुमत नव्हतं.

वाद अंतिम सामन्याचा होता. सामना शुक्रवारी उम्म सईदच्या कॅम्पाशी होता आणि आदल्या दिवशी, गुरुवारी, प्रॅक्टिस. सरांचा दुसरा नियम असा की शेवटची प्रॅक्टिस चुकवणारा खेळणार नाही. नेमकी त्याच गुरुवारी मुंबईची बोट दोह्याला लागली. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि माणसं लाँचनं किनाऱ्यावर येत. गावचा कोणी येणार असेल तर धक्क्यावर कोणी तरी जायलाच हवं. येणाऱ्याला वाट दाखवायची असते, त्याच्याकडून घरची खबर घ्यायची असते आणि सगळ्या मेससाठी आलेला डबा उतरवून घ्यायचा असतो. त्या दिवशी जायची पाळी आमच्या सेंटर फॉरवर्डची होती. कामानं वेल्डर, आणि कॅम्पातला सगळ्यांत चपळ माणूस. तो कंपनीच्या लॉरीतून गेला आणि रात्रीच्या जेवणाला सुके बोंबील, आमसुलं आणि आंब्याचं लोणचं घेऊन परत आला.

सर मेसमध्येच जेवत. त्यांनी बोंबलांचं कालवण दोनदा वाढून घेतलं. सकाळी संघ जाहीर केला, त्यात वेल्डर नव्हता.

सामना आम्ही एका गोलनं हरलो. वेल्डरनं तो साइडलाइनवर उकिडवं बसून पाहिला.

तेव्हापासून मेसमध्ये दोन पक्ष झाले. विरोधी पक्षाचा पुढारी मेसचा भटारी, कारण कालवण त्याच्या हातचं होतं. सरांच्या बाजूनं कॅम्पातला शिंपी. संघाच्या जर्सी तोच शिवे, आणि सगळे त्याला मास्तर म्हणत.

"माझे बोंबील खाल्लान," भटारी म्हणे, "दुसऱ्यांदा ताट पुढं केलान. आणि आणणाऱ्यालाच बसवलान!"

"चाचा, नियम म्हंजे नियम," मास्तर म्हणे. "मी कापड मापून कापतो. माणूस आवडीचा हाय म्हणून दोन बोटं जास्त सोडू काय?"

"माझी विजार तर कमरेत चार बोटं कमी केलंस!"

"तुमचं पोट वाढला त्याला मी काय करू?"

मास्तरचा एक मुद्दा बिनतोड होता. सरांच्या आधी संघ गावागावांच्या भांडणातून निवडला जाई. सरांनंतर तो कोणी तसा निवडला नाही. भटारीचा मुद्दाही तितकाच बिनतोड होता. सर वाढले मुंबईत. कोकणातलं गाव त्यांना सुट्टीपुरतं ठाऊक. त्यांच्यासाठी बोटीवरून कधी कोणी आलं नाही, डबाही आला नाही. "ज्याची बोट येत नाही, त्याला धक्का काय कळणार?" असं भटारी म्हणे. यावर मास्तर नुसता चहा ढवळत बसे.

वेल्डर या वादात कधी पडला नाही. सर दोह्यात एका व्यापाऱ्याकडे नोकरीला गेले तेव्हा त्यांचं सामान त्यानंच लॉरीत चढवलं. काही वर्षांनी संघाची कप्तानी आणि प्रॅक्टिस दोन्ही त्याच्याकडे आली. त्यानं सरांचे सगळे नियम तसेच ठेवले, शेवटच्या प्रॅक्टिसचाही. भटारीला हे समजत नसे. वेल्डरचं म्हणणं एवढंच, "नियम ढिला केला की पुन्हा गावागावाचा संघ होईल."

मग १९६०च्या दशकाच्या मध्यावर आम्ही पुन्हा अंतिम सामन्यात पोचलो. प्रतिस्पर्धी पुन्हा उम्म सईद, मैदान आमचं. सोमवारी खबर आली की बोट गुरुवारी लागते आहे. बोटीवर आमच्या गोलकीपरचा धाकटा भाऊ होता, पहिल्यांदाच घराबाहेर पडलेला. त्याला ना हिंदी धड येत होती, ना इंग्रजी.

गोलकीपर वेल्डरकडे गेला तेव्हा मेस भरलेली होती. तो म्हणाला, "कप्तान, मना धक्क्यावर जायला हवा. अब्बांनी बजावलाय. तो कस्टमवाल्याला काय सांगेल? मना बसवायचा तर बसव."

सगळे वेल्डरकडे पाहू लागले. दुसरा गोलकीपर संघात नव्हता. त्याला खेळवावं तर नियम गेला. बसवावं तर स्वतःवर झालेलं वेल्डर त्याच्यावर करणार, आणि चषकही जाणार. भटारीनं पळी खाली ठेवली.

"आता बघू," तो मास्तरला म्हणाला. "आता कळेल तुझा नियम."

वेल्डर म्हणाला, "उद्या सांगतो." आणि जेवण अर्धवट टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी त्यानं संघाला सांगितलं, "गुरुवारची प्रॅक्टिस दोह्याला. धक्क्याजवळ. ओहोटीची वेळ हाय, वाळू घट्ट असेल. सगळे लॉरीत."

मास्तर इतका हसला की त्याच्या हातून चहा सांडला.

गुरुवारी आम्ही लॉरी भरून दोह्याला गेलो. जे खेळत नव्हते तेही गेले. ओल्या वाळूवर चार चपला ठेवून दोन्ही बाजूंचे गोलपोस्ट केले. किनाऱ्यावरचे मच्छीमार होड्यांच्या कडांवर बसून पाहू लागले. चेंडू पाण्यात गेला की त्यांच्यातलाच कोणी तरी तो परत फेकी आणि "यल्ला! यल्ला!" म्हणजे चला, चला, असं ओरडे. पहिली लाँच दिसली तेव्हा सराव रंगात आला होता. लाँचमध्ये उलट्यांनी हैराण झालेली, ट्रंका कवटाळून बसलेली माणसं होती. तिच्या टोकाला गोलकीपरचा भाऊ उभा होता. किनाऱ्यावर आपला भाऊ गुडघ्यापर्यंत ओला, अर्ध्या चड्डीत, हवेत उडी मारतो आहे, हे त्यानं पाहिलं.

"भाय!" तो लाँचमधून ओरडला. "तू तर ऑफिसात हाय असा लिवला होतास!"

गोलकीपरनं वळून पाहिलं. तेवढ्यात वेल्डरनं चेंडू दोन चपलांच्या मधून घातला.

"खलास," वेल्डर म्हणाला. "प्रॅक्टिस संपली. जा, भावाला घे."

या सगळ्याचा एक प्रेक्षक आम्हाला माहीत नव्हता. सरांचं ऑफिस धक्क्याजवळच होतं. मालाची कागदपत्रं घेऊन ते कस्टमच्या शेडपाशी आले होते आणि तिथंच उभे राहून पाहत होते. केस पांढरे झाले होते, पण उभं राहण्याची ढब तीच, हात पाठीमागे. ते वेल्डरजवळ आले.

"लेफ्ट हाफ फार पुढे जातोय," ते म्हणाले.

"होय सर."

"आणि प्रॅक्टिस इथं कशाला आणलीस?"

वेल्डरनं लाँचकडे बोट केलं. गोलकीपर भावाची ट्रंक डोक्यावर घेऊन पाण्यातून येत होता. सरांनी तिकडे पाहिलं.

"मला हे सुचलं नाही," ते म्हणाले. "माझं इथं कधी कोणी उतरायचंच नव्हतं."

वेल्डर म्हणाला, "उद्या या सर. सामना बघायला."

शुक्रवारी सर आले. सामना आम्ही एका गोलनं जिंकला. गोल देखणा नव्हता; वेल्डरनं मारलेला चेंडू उम्म सईदच्या फुलबॅकच्या गुडघ्याला लागून आत गेला. गोलकीपरनं मात्र दोन फटके असे अडवले की त्याच्या भावानं शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. लेफ्ट हाफ शेवटपर्यंत आपल्या जागेवर राहिला.

जेवणाला सर मेसमध्येच होते. भावानं आणलेल्या डब्यात सुके बोंबील होतेच. भटारीनं कालवण केलं. पंक्तीत सरांपाशी आल्यावर त्याचा हात थांबला. सरांनी ताट थोडं पुढं केलं.

"सर, पहिल्यांदा सगळ्यांनाच वाढतो," भटारी म्हणाला. "दुसऱ्यांदा मागाल तेव्हा कप्तानाला विचारीन."

सर मान खाली घालून हसले आणि जेवू लागले. ताट रिकामं झाल्यावर त्यांनी ते पुन्हा पुढं केलं. भटारीनं पळी वर धरून वेल्डरकडे पाहिलं.

"वाढ," वेल्डर म्हणाला. "उद्या सामना नाय."

पुढच्या शुक्रवारी मेसमध्ये पुन्हा वाद सुरू झाला. चषक सरांच्या नियमानं आला की वेल्डरच्या डोक्यानं? मास्तर म्हणाला, नियम मोडलाच नव्हता. भटारी म्हणाला, बोटही चुकवली नव्हती. दुसरं आधण ठेवायला गोलकीपरचा भाऊ उठला.