धानाची ढोली आणि देवराव

मित्रहो, आज सकाळी मोहाडीत एका म्हाताऱ्याची पाठ बोटांनी ठोकून पाहत होतो. त्याच्या छातीत पाणी झालंय. त्याची बायको म्हणाली, "डाक्टर साहेब, ढोली ठोकल्यावानी काहून ठोकून राहिले?"

माझा हात थांबला. देवराव आठवला.

सत्तरच्या दशकात आम्ही नागपूरला डॉक्टरकी शिकत होतो, एकाच खोलीत राहत होतो. छाती ठोकल्यावर भरीव आवाज कोणता आणि पोकळ कोणता, ते मला काही केल्या कळेना. शेवटी देवराव मला त्याच्या गावी, आसगावला घेऊन गेला. घरात धान साठवायची, शेणानं लिंपलेली बांबूची ढोली होती. म्हणाला, "वरून ठोकत खाली ये. आवाज बदलला का समज, तिथवर धान हाये."

वॉर्डात वर्षभर जमलं नाही ते तिथं अर्ध्या तासात जमलं.

ऐंशीनंतर तोच आजारी पडला. छातीत पुन्हा पुन्हा पाणी व्हायचं. भेटायला गेलो, तर शर्ट काढून माझ्याकडे पाठ करून बसला. "कुठवर भरलं, सांग."

मी ठोकलं. पार खांद्याच्या हाडापर्यंत भरीव आवाज. म्हणालो, "जास्त नाही रे, खालीच आहे."

तो हसला. "गड्या, मलेबी ऐकू येते ना. ढोली ठोकाले कोनं शिकवलं तुले?"

पंधरा दिवसांत तो गेला.

आज म्हाताऱ्यानं विचारलं, "किती हाये?" मी त्याच्या पाठीवर बोट टेकवलं आणि म्हणालो, "इथवर."

परक्याला सांगता आलं. तुम्ही आपल्या माणसाला सांगू शकला असता?