सखूबाईचं एकच 'नाई'

नवी नवरी होऊन सखू टोल्यावर, रानाकाठच्या त्या लहानशा वस्तीत, आली, त्याच आठवड्यात तिनं कुडाआडून सासऱ्याचं भांडण ऐकलं. रानातला बांबू ठेकेदाराला द्यायचं सभेत ठरत आलेलं, आणि शेजारचा नत्थू एकटाच नको म्हणाला होता.

"बावीस घरं हो म्हनून राह्यले, अन् तू एकटा आडवा काऊन पडतं?" सासरा तानबा गरजत होता.

"आडवा नाई पडलो, नाई म्हनलो. चाल जागेवर, दाखवतो."

दोघं एकमेकांच्या सात पिढ्या काढत रानात गेले आणि येताना एकाच चंचीतला तंबाखू मळत आले. बांबू कोवळा होता. राहिला.

टोल्याची रीतच तशी. एकानं जरी नाई म्हटलं तरी काम महिनाभर थांबतं. पण नाई म्हणणाऱ्यानं साऱ्यांना जागेवर नेऊन कारण दाखवायचं. पुढच्या सभेत बाकीचे तरीही हो म्हणाले, तर त्याचं नाई सरलं.

चाळीस वर्षं सखूबाई सभेत सुपारी कातरत बसली, तोंड उघडलं नाही. यंदा फाल्गुनात तिचा भाचा प्रेम, पंचायतीचा मेंबर, सभामंडपाचा नकाशा घेऊन आला. जागा गावामागच्या चार मोहांची, झाडं तोडायची. साऱ्यांच्या माना हलल्या. त्या चार झाडांची फुलं वेचून, वाळवून, विकूनच सखूबाईचं उन्हाळ्याचं चूल-पाणी चालायचं.

"नाई," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली.

"मावशी, तुह्याच नातीच्या लग्नाले छप्पर होईन ना?"

"छप्पर पाह्यजे. झाडंबी पाह्यजे."

घरी नात रीना, आर्वीच्या कॉलेजात शिकणारी, हसत सुटली. "आजी, तू तं व्हिटो वापरला. राष्ट्रपतीलेबी तो असते. संसदेचा कायदा पटला नाई तं एकडाव परत धाडता येते. तोच पुन्हा आला, तं मंग सही कराच लागते."

"म्हंजे तिथंबी एकच डाव?" सखूबाईला बरं वाटलं. "अन् जागेवर नेते का साऱ्यायले?"

"नाई, चिठ्ठी जाते."

"मंग कठीन हाय बापा."

मोह गळायला लागला, तशी तिनं एका पहाटे सारा टोला टोपल्या घेऊन झाडांखाली बोलावला. मंडपाच्या जागेभोवती प्रेमनं चुन्याची रेघ मारून ठेवलीच होती.

"रेघेबाहेरचीच फुलं वेचा," सखूबाई म्हणाली. "आतली मंडपाची."

रेघेच्या आत पिवळा सडा, बाहेर नुसता पाचोळा. प्रेम तीन फेऱ्या मारून आला. टोपलीत अकरा फुलं.

म्हातारा टिकाराम त्यात डोकावला. "एवढ्यानं तं माही बकरीबी तोंड वाकडं करन."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. प्रेमही हसला, आणि चपलेनं रेघ पुसायला लागला. मग काय, सगळे आत शिरले, अन् ऊन चढेपर्यंत फुलं वेचत, खात, एकमेकांच्या टोपल्या पळवत राहिले.

पुढच्या सभेत मंडप शाळेमागच्या पडीत जागेवर गेला. झाडं राहिली.

"कोनाचं नाई हाय का?" प्रेमनं विचारलं आणि मावशीकडे पाहिलं.

"माह्याकडं पाहू नोको. माहं एकच होतं, ते खर्चलं."

सभा उठली. मंगळवार होता, दळणाचा दिवस. सखूबाईनं ज्वारीचा डबा डोक्यावर घेतला, वाटेत शेजारणीचा कमरेवर घेतला, आणि चक्कीवर जाऊन नंबरात बसली.

"बारीक दळजो रे," तिनं चक्कीवाल्याला सांगितलं.