दारातून मारलेली बॅटरी

डॉक्टरनं दारातूनच बॅटरी मारली. मी टेबलावर कुशीवर, पँट गुडघ्यावर. तो लांब उभा, नाकाला रुमाल. मी शिरूरच्या मार्केट यार्डातला हमाल, शौचातून रक्त जातं म्हणून आलेलो. आडनाव विचारलं, आळी विचारली, मगच तो रुमाल वर गेला होता.

"मूळव्याध आहे. तुमच्या वस्तीचं खाणंच तसलं."

बाहेर बाकावरचे बागायतदार हसले. मीही हसलो, त्यांच्याहून मोठ्यानं. तेव्हा तेवढंच येत होतं.

मलम एवढं चोपडलं, की दौंडची अख्खी मालगाडी त्यावरून रुळांशिवाय शिरूरला घसरत आली असती. रक्त थांबेना. आत गाठ लागायची, महिन्यागणिक मोठी. मला संशय आला. न बघता याला कळलं कसं?

पुन्हा गेलो. पुन्हा दार, पुन्हा बॅटरी. मलम चालू ठेव म्हणाला. मी उठलोच नाही.

"हातमोजा घाला आन् बोटानं तपासा. तवर पँट वर घेत न्हाई."

कंपाउंडर मला उचलायला धावला. पोत्यांखाली वाढलेला गडी मी. टेबलासकट उचलावं लागलं असतं.

शेवटी हातमोजा चढला. बोट आत गेलं, गाठीला लागलं आणि त्यानं खुर्ची पुढं ओढली. "बसा," म्हणाला. त्या खुर्चीवर मला कधी कुणी बसवलं नव्हतं. आता बसताच येत नव्हतं. तिथंच ओळखलं, काहीतरी वाईट आहे.

त्यानं पुण्याला धाडलं, तिथं गाठीचा तुकडा काढून तपासला. गुदद्वाराचा कॅन्सर, त्यातही क्वचितच दिसणारा. सर्जनबाईंनी चित्र काढून दाखवलं: गुदद्वार काढायचं, ती जागा शिवून बंद करायची, पोटावर नवी वाट, तिला पिशवी. मी त्यांच्यावरही संशय घेतला.

"आमच्या वाट्याला दुर्मिळ काय कवा आलंय, बाई? तुकडा माझाच कशावरून?"

त्या चिडल्या नाहीत. पहिल्यापासून पुन्हा समजावलं. मग सही केली.

आता पोटावर पिशवी आहे. गाठ पुन्हा उठणार नाही, असं बाई छातीठोक सांगत नाहीत. आधी कळायला हवं होतं, म्हणतात.

यार्डात कुणाला रक्त गेलं, की मी त्याच्यासोबत त्याच दवाखान्यात जातो. डॉक्टर बॅटरी शोधतो. मी हातमोज्यांचा डबा पुढं सरकवतो आणि दार अडवून उभा राहतो. मी जिता हाय तवर त्या दारात त्याला उभं राहायला जागा न्हाई.