कोड माझ्या मोबाईलवर यायचा

ज्या माणसाने माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं, त्याला मी एका दुपारी सहा आकड्यांसाठी रडवलं. याचं मला वाईट वाटत नाही. वाटायला हवं, असं घरचे म्हणतात. म्हणोत.

गोंदियात आम्ही दोघं राइस मिलसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. तो माझा कॉलेजातला वर्गमित्र. बोलणं त्याचं आणि राबणं माझं, अशी वाटणी न ठरवताच झाली होती. मिलच्या गेटवर धानाची गाडी आली की वजन, ओलावा, बारदाना म्हणजे पोती, सगळं आमच्या प्रोग्रॅममध्ये चढायचं आणि पावती निघायची. पावतीशिवाय गाडी आत जायची नाही. सर्व्हर म्हणजे बाजारातल्या आमच्या खोलीत टेबलाखाली ठेवलेला एक डबा. लाइट गेली की इन्व्हर्टर कुंथायचा, आणि तो बसला की सगळ्या मिल बसायच्या. दोन हजार बाराच्या सुमारास मी म्हटलं, हा डबा पुरे झाला. आता क्लाउडवर जायचं, म्हणजे एखाद्या बड्या कंपनीच्या सर्व्हरवर भाड्याने जागा घ्यायची.

कुठल्या कंपनीकडे जायचं, याचा मी तीन महिने अभ्यास केला. तीन कंपन्या निवडल्या, तिघींवर आमचाच प्रोग्रॅम चढवला आणि तिरोड्याच्या एका मिलमध्ये ऐन गर्दीच्या वेळी बसून पावती किती वेळात निघते ते घड्याळ लावून पाहिलं. एक परदेशी, वेगाला उत्तम, पण तिचं बिल समजून घ्यायला वकील लावावा लागला असता. दुसरीही तशीच, थोडी संथ. तिसरी देशी. तिथला माणूस लगेच फोन उचलायचा, गोड हिंदीत बोलायचा आणि दुरुस्ती मात्र उद्यावर ढकलायचा.

त्याहून जास्त डोकं मी लॉगिनवर खर्च केलं. आमच्याकडे प्रत्येक मिलमध्ये एकच लॉगिन असायचं, शेठचं. मुनीम, गेटवरचा, वजनकाट्यावरचा, सगळे शेठच्याच नावाने आत शिरायचे. पासवर्ड काट्याजवळच्या कॅलेंडरवर पेनने लिहिलेला. प्रत्येकाला वेगळं लॉगिन देऊ म्हटलं की मुनीम रुसायचे, आपल्यावर संशय घेताहेत म्हणून. मुनीम काम सोडून समोरच्याच मिलमध्ये गेला तरी पासवर्ड तोच राहायचा, कारण नवा सगळ्यांना पाठ कोण करवणार! म्हणून माणसाची ओळख तपासणाऱ्या ज्या तयार सेवा मिळत होत्या, त्या मी एकाच प्रश्नावर तोलल्या: माणूस गेला की त्याचं दार किती लवकर बंद होतं? एकीत एका जागी नाव काढलं की तो सगळीकडून बाहेर. दुसरीत तीन ठिकाणी हिंडावं लागे. तिसरीत नाव काढल्यावरही तो संध्याकाळपर्यंत आतच. हे सगळं मी वीस पानांत लिहून काढलं. शेवटचं अख्खं पान या एका प्रश्नावर होतं.

ती पानं माझ्या वर्गमित्राने मिलवाल्यांच्या बैठकीत वाचली. हॉटेलचा हॉल, समोसे, मिलवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांसकट चौदा मिलमालक, आणि पहिल्या पानावर फक्त त्याचं नाव. "मी तीन महिने यामागे लागलो होतो," म्हणाला. मग मागच्या खुर्चीकडे हात करून, "या आमच्या मॅडम, ऑफिस सांभाळतात." टाळ्या पडल्या. शेवटच्या पानापर्यंत तो पोचलाच नाही, त्याआधी चहा आला. मी समोसा तसाच बशीत ठेवला. हे काम माझं आहे, हे याने याच लोकांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय याला सोडायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. मला दुसरं काही नको होतं.

सगळ्या मिल क्लाउडवर गेल्या आणि पुढच्या वर्षी त्याने मलाच काढलं. "घरी तुझ्या लग्नाचं बघताहेत ना, कशाला ताण घेतेस," इतक्या मायेने काढलं की बाहेर पडल्यावर कळलं. आमची कंपनी त्याच्या नावावर होती. मी चोरखमारा तलावाकडे आमच्या गावी आले. मात्र क्लाउडच्या मुख्य खात्यात शिरायला लागणारा कोड ज्यावर यायचा, तो मोबाईल नंबर माझाच राहिला. खातं उघडताना तोच म्हणाला होता, "तुझाच टाक यार, मेरे को वो कोड-वोड का झंझट नको." मी तो बदलायची आठवण करून दिली नाही. का द्यावी?

दिवाळी झाली. धान मिलवर जायचे दिवस. दुपारी मी अंगणात आईसोबत मिरच्यांचे देठ काढत बसले होते, तर मोबाईल वाजला. सहा आकड्यांचा कोड. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा. मी हात धुतले आणि त्याच्या फोनची वाट बघत बसले.

"सर्व्हरची जागा भरली," तो धापा टाकत म्हणाला. "वाढवायची तर मुख्य खात्यातूनच वाढते. क्लाउडवाल्या कंपनीला लिहिलं तर ते कागदपत्रं मागताहेत, चार दिवस लागतील. इथे गेटवर गाड्यांची रांग लागलीय. कोड सांग ना."

मला इतका आनंद झाला की आईने वळून पाहिलं.

"शेवटचं पान वाचलं होतंस का?" मी विचारलं.

"कुठलं पान?"

तो अध्यक्षांच्या मिलवर उभा होता, भोवती पाच-सहा मिलवाले त्याच्यावर ओरडत होते. मी म्हटलं, फोन स्पीकरवर टाक आणि त्यांना सांग, तो अभ्यास कुणी केला होता. आधी विनवण्या झाल्या, मग मैत्रीची आठवण, मग माझ्या स्वभावाबद्दल दोन शब्द. आई म्हणाली, "सांगून टाक ना वं, लोकं उभे हायेत."

"उभे राहू दे," मी म्हटलं. तेवढ्यात चौथा कोड आला, आणि मी तोही मुद्दाम वाया जाऊ दिला.

शेवटी त्याने सांगितलं. आवाज चिरकला होता. अभ्यास हिचा, लिहिलं हिने, प्रोग्रॅमही हिनेच बनवला, मी फक्त नाव घातलं. मी प्रत्येक शब्द ऐकून घेतला. मग पाचवा कोड आला, तो एकेक आकडा करून सांगितला.

पलीकडून अध्यक्षांचा आवाज आला. "हे तं आमाले माहीतच होतं, बाई. तो कागद वाचताना अडकून राहिला होता, आन् तुमी मागं बसून ओठ हालवून राहिल्या होत्या. सगळ्यायनं पायलं."

माझ्या तोंडून गावचीच बोली निघाली. "मंग तवा बोलले काऊन नाई?"

"कायले बोलू, बाई? पावती तं निघून राहिली होती."

त्या वर्गमित्राशी माझं भांडण त्या दुपारी संपलं. हॉलमधल्या चौदा जणांशी मात्र तेव्हापासून माझं वाकडं आहे.